महाराष्ट्रातून जर्मनीला जाताना: कागदपत्रे आणि सरकारी नोंदण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराच्या निमित्ताने महाराष्ट्रातून जर्मनीला जाणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जर्मनीत पोहोचल्यानंतरचे जवळजवळ प्रत्येक सरकारी काम राहत्या पत्त्याच्या नोंदणीवर अवलंबून असते, आणि निघण्यापूर्वीचे जवळजवळ प्रत्येक काम सर्व कागदांवरचे नाव एकसारखे असण्यावर. म्हणून या दोन गोष्टींना सर्वाधिक जागा दिली आहे.

निघण्यापूर्वी महाराष्ट्रातूनच कोणते दाखले घेऊन ठेवावेत?

स्वतःचा, जोडीदाराचा आणि मुलांचा जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आणि पूर्वीचा विवाह संपुष्टात आला असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत.

यांतील जन्मदाखल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बरीच कामे निभावतात. जर्मन कार्यालयाला मात्र महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू निबंधकाने दिलेलाच दाखला हवा असतो. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो, कारण नोंद बारशापूर्वी झालेली असते. ज्या निबंधकाकडे जन्म नोंदला गेला तेथेच अर्ज करून नाव आधी घालून घ्यावे. जन्माची नोंदच झालेली नसेल आणि एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी हे काम हाती घ्यावे.

विवाहाची नोंद महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते आणि गावात ती ग्रामपंचायतीत करता येते. लग्नपत्रिका आणि फोटो यांच्या आधारावर आपल्याकडे नोंदणी होते. जर्मनीत या दोन्हींचा काहीही उपयोग नाही, तेथे प्रमाणपत्रच दाखवावे लागते. लग्न होऊन पंधरा वर्षे झाली असली तरी नोंदणी करूनच निघावे.

माझे नाव प्रत्येक कागदावर थोडे वेगळे आहे. त्याने खरोखर अडते का?

अडते, आणि मराठी माणसाचे विशेष अडते. आपली नावे लिहिण्याची पद्धत कागदागणिक बदलते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत येते. काही विद्यापीठांच्या प्रमाणपत्रांवर आईचे नाव मुलाच्या नावालाच जोडलेले असते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आणि स्वतःचे नाव व वडिलांचे नाव दोन्ही मिळून दुसऱ्या रकान्यात बसतात. जर्मन नोंदीत नाव आणि आडनाव असे दोनच मुख्य रकाने असल्यामुळे पारपत्रावर ‘अमित सुरेश’ असेल, तर वडिलांचे नावही तुमच्याच नावाचा भाग म्हणून नोंदले जाते आणि बँकेपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र तसेच छापून येते. यात चूक काही नाही. फक्त पुढचा प्रत्येक अर्ज त्याच पूर्ण नावाने भरावा, म्हणजे एका माणसाच्या दोन नोंदी तयार होत नाहीत.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत गुंता अधिक असतो. पदवी माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने, आणि वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव, असे एकाच व्यक्तीचे तीन अवतार कागदोपत्री दिसतात. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने कोणतीही सक्ती नाही. ज्यांचे जाणे ठरलेले आहे त्यांनी पारपत्रावर आहे तेच नाव ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव बदलायचेच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावे, नवे पारपत्र काढावे आणि त्यानंतरच व्हिसाचा अर्ज करावा. व्हिसा एका नावाचा आणि विवाह प्रमाणपत्र दुसऱ्या नावाचे, अशा अवस्थेत निघू नये. तेथे गेल्यावर ही दुरुस्ती भारतीय वकिलातीमार्फत करावी लागते आणि मधल्या काळात जर्मन निवास परवान्याचे काम खोळंबते.

दाखल्यांवर अपोस्टील (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा आंतरराष्ट्रीय करारानुसारचा शिक्का) करून घेतले की पुरेसे आहे ना?

जर्मनीपुरते नाही, आणि या एका गैरसमजापायी अनेकांचे पैसे वाया जातात. अपोस्टील कराराची भारताबाबत अंमलबजावणी २००५ मध्ये सुरू झाली, परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला. त्यामुळे हा करार या दोन देशांदरम्यान लागू झाला नाही. भारतातील जर्मन वकिलातींनी भारतीय दाखल्यांवर शिक्कामोर्तब करण्याची जुनी पद्धतही थांबवलेली आहे. तिच्या जागी पडताळणीची पद्धत आहे: जर्मनीतील एखाद्या कार्यालयाला शंका आली किंवा त्याच्या नियमात तसे असले, तर ते कार्यालय वकिलातीला विचारणा करते, आणि वकिलातीने नेमलेला माणूस दाखला देणाऱ्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन मूळ नोंद तपासतो. याला काही महिने लागू शकतात आणि खर्च अर्जदाराकडून घेतला जातो.

म्हणून, जर्मन कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय एजंटाच्या सांगण्यावरून अपोस्टीलवर खर्च करू नये. त्यापेक्षा मूळ नोंदवहीतील नोंद आणि आपल्या हातातील दाखला यांतील नाव, तारीख आणि गाव अक्षरशः जुळते आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहून यावे. पडताळणीत नेमके हेच पाहिले जाते.

दाखले मराठीत आहेत. भाषांतर कोठे करावे?

शक्य तेथे मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक दाखलाच मागून घ्यावा. जर्मनीत न्यायालयाकडे शपथबद्ध असलेल्या भाषांतरकाराचे भाषांतर ग्राह्य धरले जाते. मराठीसाठी असे भाषांतरकार मोजके आहेत, इंग्रजीसाठी भरपूर. द्विभाषिक दाखल्याचा दुसराही फायदा आहे. केवळ देवनागरीतून नाव रोमन लिपीत न्यायचे झाले, तर भाषांतरकाराला आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीने, खुणांसह लिप्यंतर करावे लागते आणि ते पारपत्रावरील लिखाणापेक्षा वेगळे दिसते. दाखल्यावरच पारपत्राप्रमाणे रोमन लिखाण असेल तर हा वाद उद्भवत नाही.

विद्यार्थ्यांसाठी वेगळे काय आहे?

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासोबत एपीएस प्रमाणपत्र जोडावे लागते. यात शैक्षणिक कागदपत्रांची तपासणी होते. खर्चाचा पुरावा म्हणून बंदिस्त खात्यात वर्षाचे पैसे आधी भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली आणि दर महिन्याला त्यातील ९९२ युरोच काढता येतात. शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे.

पत्त्याची नोंदणी म्हणजे नेमके काय, आणि ती किती दिवसांत करायची?

जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो जर्मन नागरिक असो वा परदेशी, आपला राहता पत्ता पालिकेच्या कार्यालयात नोंदवायचा असतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि उशिरासाठी एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मुदत घरात पाऊल ठेवल्यापासून मोजली जाते, विमानतळावर उतरल्यापासून नव्हे. नोंदणीला शुल्क नसते.

बर्लिनमध्ये या कार्यालयाला ब्युर्गरआम्ट म्हणतात, म्युनिक आणि श्टुटगार्टमध्ये ब्युर्गरब्युरो. मोठ्या शहरांत भेटीची वेळ दोन आठवड्यांत मिळत नाही, ही सर्वांचीच अडचण आहे. अशा वेळी मुदतीच्या आत वेळ मागितल्याचा पुरावा, म्हणजे ईमेल किंवा पावती, जपून ठेवावा. बर्लिनमध्ये शहरातील कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये जाता येते, त्यामुळे आपल्याच भागातील कार्यालयासाठी अडून बसू नये. ऑनलाइन नोंदणीची सोय काही काळापासून आहे, पण परदेशातून प्रथमच येणाऱ्याला प्रत्यक्षच जावे लागते.

सोबत पारपत्र व व्हिसा, भरलेला अर्ज आणि घरमालकाचे पुष्टिपत्र न्यावे. जोडीदार आणि मुले बरोबर आली असतील, तर विवाहाचे व मुलांच्या जन्माचे दाखले भाषांतरासह न्यावेत, म्हणजे वैवाहिक स्थिती पहिल्याच दिवशी बरोबर नोंदली जाते. नोंदणी झाल्याचे शिक्का मारलेले पत्र तेथेच मिळते. त्याचे फोटो काढून ठेवा, कारण बँक, विमा कंपनी आणि नोकरीच्या ठिकाणी तेच मागितले जाते.

भाडेकरार आहे. घरमालकाचे पुष्टिपत्र वेगळे कशाला?

कारण भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. हे एका पानाचे पत्र असते आणि त्यावर घर देणाऱ्याचे नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या सर्वांची नावे लागतात. पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरू ते देऊ शकतो. घर देणाऱ्यावर हे पत्र देण्याचे कायदेशीर बंधन आहे. म्हणून ‘भाडे कमी करतो, पण नोंदणी करू नका’ असे सांगणाऱ्याकडे घर घेऊ नये. नोंदणीच नसेल तर पुढील कोणतेही काम उभे राहत नाही. त्याचप्रमाणे, पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणाऱ्यां’पासूनही दूर राहावे. प्रत्यक्ष राहत नसलेल्या ठिकाणचा पत्ता नोंदवण्यासाठी देण्यास कायद्याने मनाई आहे आणि त्याचा दंड ५०,००० युरोपर्यंत आहे.

येथे एक छोटी गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जर्मनीत इमारतीत खोली क्रमांकावरून पत्र सहसा पोहोचत नाही. पोस्टमन पत्रपेटीवरील आडनाव पाहून पत्र टाकतो. पेटीवर आपले आडनाव नसेल तर कर कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे पत्र परत जाते आणि आपल्याला त्याची कल्पनाही येत नाही. चावी हातात पडल्याच्या दिवशी पेटीवर, मूळ भाडेकरूच्या नावाखाली, स्वतःच्या आडनावाची पट्टी चिकटवावी.

नोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात. काय लिहावे?

खरे ते लिहावे, पण परिणाम समजून घेऊन. ही विचारणा चर्चकरासाठी असते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकार प्राप्तिकराबरोबर चर्चचा कर गोळा करते: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत प्राप्तिकराच्या ८ टक्के, उर्वरित राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांच्यावर हा कर लागू होत नाही आणि त्यांनी कर घेणाऱ्या कोणत्याही संस्थेचे सदस्य नसल्याचे नोंदवावे.

वसई आणि गोव्याकडील कॅथलिक कुटुंबांनी मात्र यावर आधी विचार करून जावे. बाप्तिस्मा झालेली व्यक्ती चर्चची सदस्य मानली जाते आणि नोंदणीत कॅथलिक लिहिल्यावर पगारातून कर कापला जाऊ लागतो. त्यातून बाहेर पडायचे झाल्यास चर्च सोडल्याची औपचारिक घोषणा सरकारी कार्यालयात करावी लागते, आणि तिचे परिणाम संस्कारांपर्यंत पोहोचतात. हा श्रद्धेचा प्रश्न आहे. तो खिडकीसमोर घाईत सोडवण्यापेक्षा घरी बसून, आपल्या धर्मगुरूंशी बोलून सोडवावा.

कर ओळख क्रमांक कसा मिळतो? तो येण्याआधी पगार होतो का?

वेगळा अर्ज करावा लागत नाही. पत्त्याची नोंदणी झाली की केंद्रीय कर कार्यालयाकडून अकरा अंकी क्रमांक काही आठवड्यांत पोस्टाने येतो आणि तो जन्मभर बदलत नाही. पगार त्याआधीही होऊ शकतो. परंतु क्रमांक दिलाच नाही, तर कंपनीला सहाव्या, म्हणजे सर्वांत जड कर वर्गाने कपात करावी लागते. जादा कापलेली रक्कम नंतर परत मिळते, पण पहिल्या महिन्यांत, जेव्हा घराची अनामत भरायची असते, तेव्हाच हात आखडतो.

जोडीदार भारतात असेल तोपर्यंत सामान्यतः पहिला कर वर्ग लागतो. जोडीदार येऊन त्याच पत्त्यावर नोंदला गेला आणि विवाह प्रमाणपत्र सादर झाले की दोघांना चौथा वर्ग दिला जातो. एकाचीच कमाई असेल तर तिसरा-पाचवा असा जोड वर्ग मागता येतो आणि हातात येणारा पगार बराच वाढतो. महाराष्ट्रातून आणलेल्या त्या विवाह प्रमाणपत्राचे मोल येथे दर महिन्याला दिसते.

रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचे पत्र आले. माझ्याकडे टीव्ही नाही.

तरीही भरावे लागते. हे शुल्क घरामागे असते, उपकरणामागे किंवा माणसामागे नाही; ऑगस्ट २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचे आणि इतरांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

व्हिसा संपत आला आहे आणि परदेशी नागरिक कार्यालयाकडून भेटीची वेळ मिळत नाही. काय करावे?

व्हिसा संपण्यापूर्वी निवास परवान्याचा अर्ज दाखल झालेला असणे, हे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. अर्ज मुदतीत केला असेल तर निर्णय होईपर्यंत पूर्वीचा हक्क कायद्याने चालू राहतो, आणि त्याचा पुरावा म्हणून ‘फिक्टिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचे पत्र मिळते. मुदत एका दिवसानेही ओलांडली तर हे संरक्षण मिळण्याची खात्री राहत नाही. त्यामुळे भेटीची वाट पाहत बसू नये. कार्यालयाच्या संकेतस्थळावरून किंवा टपालाने अर्ज पाठवावा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवावा.

हे पत्र हाती आल्यावर गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाण्याचा बेत असेल, तर त्यावर कोणत्या कलमाची खूण आहे ते पाहावे. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाखालील पत्र असेल तर परत येता येते. तिसऱ्या उपकलमाखालील पत्रावर देशाबाहेर गेल्यास परतीचा प्रवेश मिळत नाही.

निवास परवान्याच्या कार्डाचे शुल्क साधारणतः १०० युरो असते आणि ते बर्लिनमधील सरकारी छापखान्यात तयार होत असल्यामुळे काही आठवडे लागतात. १ मे २०२५ पासून फोटो डिजिटल स्वरूपातच घेतला जातो, म्हणून पुण्याच्या स्टुडिओतून कागदी फोटोंची पाकिटे नेण्याची गरज उरलेली नाही.

आरोग्य विमा आणि पेन्शन यांचे काय?

विम्याच्या पुराव्याशिवाय परवाना मिळत नाही आणि प्रवास विमा त्यासाठी चालत नाही. सार्वजनिक विमा संस्थेचा मोठा फायदा असा की न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय त्यात समाविष्ट होतात.

पेन्शनच्या बाबतीत दोन प्रकार आहेत. भारतातील कंपनीने काही काळासाठी जर्मनीला पाठवले असेल, तर १ मे २०१७ पासून लागू झालेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन वर्गणीतून सूट मिळते. त्यासाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे लागते. थेट जर्मन कंपनीत नोकरी असेल तर पगाराच्या ९.३ टक्के वर्गणी आपली आणि तितकीच कंपनीची जाते. पेन्शनचा हक्क किमान पाच वर्षांनी निर्माण होतो आणि ही पाच वर्षे मोजताना भारतातील वर्गणीचा काळही धरता येतो. त्यामुळे जुने निर्वाह निधी खाते घाईने रिकामे करू नये.

भारतीय वाहन परवान्यावर गाडी चालवता येते का?

जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने, भाषांतरासह. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास माफ असतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, मराठीत किंवा हिंदीत नाही. सहा महिन्यांनंतर तसेच चालवणे म्हणजे परवान्याविना चालवणे. तेथे तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याचे पडसाद निवास परवान्यावर उमटतात.

बाळ जर्मनीत जन्मणार आहे. कोणती तयारी ठेवावी?

जन्मदाखला श्टांडेसआम्ट हे नोंदणी कार्यालय देते, आणि त्यासाठी आईवडील दोघांचे जन्मदाखले व विवाह प्रमाणपत्र भाषांतरासह मागते. वर सांगितलेली पडताळणी सुरू होण्याची शक्यता याच टप्प्यावर सर्वाधिक असते. सातव्या महिन्याच्या सुमारास कार्यालयाला भेटून काय लागेल याची लेखी यादी घ्यावी, म्हणजे गावाकडून काही मागवायचे असल्यास वेळ हाताशी राहतो.

भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद एका वर्षाच्या आत बर्लिनच्या दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग येथील भारतीय वकिलातीत करावी आणि मग पारपत्र काढावे. आई किंवा वडील जर्मनीत पाच वर्षे कायदेशीररीत्या राहत असतील आणि त्यांच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर बाळाला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळते. जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. सरकारी बालभत्ता २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो होता. तो मागील फक्त सहा महिन्यांचाच मिळतो, म्हणून अर्ज लांबवू नये.

बाळंतपणासाठी आई तीन महिने येणार आहे. तिचाही पत्ता नोंदवायचा का?

नाही. एरवी परदेशात राहणाऱ्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र व्हिसासाठी खर्चाची हमी देणारे पत्र तुम्हाला परदेशी नागरिक कार्यालयातून काढावे लागू शकते आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी आरोग्य विमा आवश्यक असतो. विम्यात आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब कितपत धरला आहे, ते नीट वाचून घ्यावे.

भारतातील बँक खाते, शेत आणि मतदान यांचे काय करावे?

परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपया खात्यात बदलावे. नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही, जुने मुदतीपर्यंत चालते. मतदार यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नमुना ६-अ भरून नाव ठेवता येते, पण मत देण्यासाठी प्रत्यक्ष यावे लागते.

शेती, फ्लॅट किंवा वारस नोंदीचे काम शिल्लक असेल तर विश्वासातील माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. ते नंतर जर्मनीत वकिलातीसमोर करता येते, परंतु महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि तलाठ्यापासून बँकेपर्यंत प्रत्येक जण त्याविषयी जादा प्रश्न विचारतो. मुखत्यारपत्रात गट क्रमांक आणि कोणत्या कामांचा अधिकार दिला हे नेमके लिहावे. मोघम सर्वाधिकार देऊ नयेत.

घर बदलले किंवा कायमचे भारतात परतलो तर?

जर्मनीतच घर बदलल्यास नव्या पत्त्याची नोंदणी पुन्हा दोन आठवड्यांत करावी. जुनी आपोआप रद्द होते. देश सोडताना मात्र ‘आबमेल्डुंग’, म्हणजे पत्ता रद्द करणे, स्वतः करावे लागते. ते निघण्याच्या आठवडाभर आधीपासून आणि घर सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. त्याचे प्रमाणपत्र नसेल तर विमा आणि रेडिओ-टीव्ही शुल्काची बिले जुन्या पत्त्यावर येत राहतात आणि थकबाकी वाढत जाते. जर्मन बँक खाते मात्र लगेच बंद करू नये, कारण घराची अनामत आणि कराचा परतावा त्यावरच येतो. पुढे पुन्हा जर्मनीत गेलात, तर कर ओळख क्रमांक आणि पेन्शन विमा क्रमांक पूर्वीचेच लागू होतात, म्हणून ती दोन पत्रे भारतात नेलेल्या कागदांत सांभाळून ठेवावीत.